डॉक्टर हॉवर्ड सॉमरव्हेल

हल्ली अनेक देशांतील तरुण मंडळी आपल्या स्नेह्यांसह एखाद्या उंच पर्वतावर चढून जातात व त्या निमित्ताने परोपकाराच्या कार्यासाठी द्रव्य जमवितात. आफ्रिकेतील १९,३४१ फूट उंचीचा किलिमांजारो पर्वत या कामी विशेष प्रसिद्ध आहे. आपण चढाईस निघालो म्हणजे आप्तेष्टांनी यथाशक्ति रक्कम द्यावी आणि ती एखाद्या रुग्णालयास किंवा अनाथाश्रमास पोहोचती करावी, अशी ही रीत आहे. ती स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु पर्वतावरून खाली उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. रक्कम पोहोचती झाली की आपले कर्तव्य संपले काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, असे एक गिर्यारोहक होऊन गेले. जगातील सर्वांत उंच पर्वतावर त्यांनी मित्रांसह दोनदा चढाई केली, आणि खाली उतरल्यावर आपले पुढील सारे कर्ते आयुष्य गोरगरीब रुग्णांच्या सेवेस वाहिले. त्यांचे नाव डॉक्टर थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल.

सॉमरव्हेल यांचा जन्म ता. १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील केंडल या गावी झाला. हा प्रदेश डोंगर व सरोवरे यांनी नटलेला आहे. त्यामुळे डोंगर चढण्याचा छंद त्यांस लहानपणीच जडला. त्यांच्या घराण्याचा पादत्राणे तयार करण्याचा मोठा कारखाना होता व घरात कशाची वाण नव्हती. रग्बी येथील शाळेतून ते केंब्रिज विद्यापीठात गेले आणि तेथे सृष्टिविज्ञानाच्या परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे लंडन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. चित्रकला व संगीत यांतही त्यांची उत्तम गती होती.

इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले व तरुण सॉमरव्हेल लष्करी वैद्यकपथकातून फ्रान्समध्ये गेले. सन १९१६ मध्ये सोम नदीच्या काठी जी भयंकर लढाई झाली, तिच्यातील जखमी शिपायांवर त्यांस रात्रंदिवस शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तंबूत शस्त्रवैद्य मोजकेच, आणि बाहेर मैदानात डोल्यांवर पडलेले जखमी शेकडो! क्षणभर उसंत मिळाली की ते बाहेर येऊन त्यांच्याशी बोलत. मृत्यू समोर दिसत असूनही, मला आधी आत घ्या असे त्यांपैकी एकानेही म्हटले नाही, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणावर कायमची कोरली गेली. युद्धाविषयी त्यांच्या मनात तिटकारा उत्पन्न झाला तो येथेच.

युद्ध संपल्यावर, सन १९२२ मध्ये, जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर चढाई करण्यासाठी जी मोहीम निघाली, तीत सॉमरव्हेल यांची निवड झाली. ता. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल हे तिघे मित्र कृत्रिम प्राणवायूची मदत न घेता २६,९८५ फूट उंचीपर्यंत जाऊन पोहोचले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही मनुष्य चढला नव्हता. परत येताना त्यांचा चौथा सोबती मोर्सहेड याचा पाय घसरला, आणि एकाच दोरास बांधलेले नॉर्टन व सॉमरव्हेल हेही त्याच्याबरोबर खाली ओढले गेले. मॅलरीने प्रसंगावधान राखून दोर आपल्या कुऱ्हाडीभोवती अडकवून धरला, म्हणूनच तिघांचेही प्राण वाचले. डोंगरावर मित्र म्हणजे काय, हे त्या एका क्षणात दिसून आले.

परंतु त्याच मोहिमेत एक दुःखद घटना घडली. ता. ७ जून रोजी तीन इंग्रज गिर्यारोहक व चौदा हमाल पुन्हा वर चढत असता एकाएकी बर्फाचा प्रचंड लोट खाली आला. इंग्रज मंडळी बचावली. मात्र सात हमाल त्याखाली गाडले जाऊन मृत्यू पावले. सॉमरव्हेल त्या वेळी तेथेच होते. जे सात जण गेले ते सर्व आपले ओझे वाहणारे गरीब लोक, आणि आपल्यापैकी मात्र एकालाही इजा नाही, ही जाणीव त्यांच्या मनाला फार झोंबली. त्यांच्यासमवेत आपणासही मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्यांस वाटले. शिखराची हौस आपली आणि तिचे मोल दुसऱ्याने द्यावे, हे शल्य त्यांच्या मनात राहिले.

मोहीम आटोपल्यावर ते हिंदुस्थान पाहण्यासाठी निघाले व उत्तरेकडून थेट कन्याकुमारीकडे गेले. त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानात, नेय्यूर या गावी, लंडन मिशनरी सोसायटीचे रुग्णालय होते. तेथे त्यांनी जे दृश्य पाहिले, त्याने त्यांच्या जीवनाची दिशाच बदलली. रुग्णांची रांग लांबच लांब, आणि शस्त्रक्रिया करणारा निष्णात वैद्य अवघा एक! सॉमरव्हेल तत्काळ मदतीस उभे राहिले. लंडनमधील एका प्रख्यात रुग्णालयात त्यांस मानाची जागा मिळत होती. तेथे कीर्ती होती व धनही होते. परंतु लंडनमध्ये आपली जागा घेणारे अनेक आहेत, येथे मात्र कोणी नाही, हे त्यांस स्पष्ट दिसले. ते मनाने श्रद्धाळू ख्रिस्ती होते. प्रभूची हाक ती हीच असे समजून त्यांनी नेय्यूर हेच आपले कार्यक्षेत्र ठरविले.

तथापि एव्हरेस्टची भेट अद्याप पुरी झाली नव्हती. सन १९२४ च्या मोहिमेत ते पुन्हा सामील झाले. या वेळी चार हमाल सुमारे २३,००० फूट उंचीवरील छावणीत अडकून पडले. नवीन बर्फ पडल्यामुळे वाट अत्यंत धोक्याची झाली होती. नॉर्टन, मॅलरी व सॉमरव्हेल या तिघांचीही प्रकृती ठीक नव्हती; शिवाय येथे शक्ती खर्च केली तर शिखराची आशा सोडावी लागेल, हेही ते जाणून होते. पण सन १९२२ मधील ते सात जण सॉमरव्हेल यांस कसे विसरता येणार? ता. २४ मे रोजी तिघेही वर चढले. दोराला बांधून घेऊन सॉमरव्हेल त्या घसरत्या उतारावरून आडवे पुढे गेले. मात्र हमाल थोडेच दूर असता दोर संपला. दोघे हमाल कसेबसे त्यांच्यापर्यंत आले. मागचे दोघे एकदम निघाले तोच बर्फ सुटले व ते घसरत जाऊन कड्याच्या अलीकडे कसेबसे थांबले. तेव्हा सॉमरव्हेल यांनी कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड बर्फात रोवून तो तिला अडकविला, आणि एका हाताने दोराचे टोक धरून दुसऱ्या हाताने त्या दोघांस मानगुटीस धरून एकामागून एक ओढून घेतले. चौघेही सुखरूप खाली आले.

त्यानंतर ता. ४ जून रोजी नॉर्टन व सॉमरव्हेल शिखराकडे निघाले. सुमारे २८,००० फुटांवर सॉमरव्हेल यांचा घसा इतका दुखावला की पुढे पाऊल टाकणे अशक्य झाले. त्यांनी मित्रास पुढे जाण्यास सांगितले व आपण तेथेच थांबले. नॉर्टन एकटेच २८,१२६ फुटांपर्यंत गेले. शिखर आणखी सुमारे ९०० फूट वर राहिले. उतरताना सॉमरव्हेल यांच्या घशात काहीतरी अडकून श्वास पूर्णपणे कोंडला. पुढे चालणाऱ्या नॉर्टन यांस हाक मारण्यापुरताही आवाज फुटेना. ते बर्फात बसले. आता अंत आला असे त्यांनी मानले. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी आपली छाती जोराने दाबली. त्याबरोबर थंडीने सुटलेले घशाच्या आतील आवरण रक्तासह बाहेर पडले व श्वास मोकळा झाला. त्यानंतर चारच दिवसांनी मॅलरी व अर्व्हिन हे दोघे शिखराकडे गेले ते परत आले नाहीत. जाताना मॅलरीजवळ सॉमरव्हेल यांचाच छोटा कॅमेरा होता. मॅलरीचा देह सन १९९९ मध्ये सापडला, परंतु तो कॅमेरा त्याच्याजवळ नव्हता.

असो. मित्र गमावून व शिखर न गाठता सॉमरव्हेल खाली आले, ते थेट नेय्यूरच्या रुग्णांकडे. सन १९२५ मध्ये त्यांचा विवाह झाला व पत्नीनेही त्यांच्या कार्यात साथ दिली. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी नेय्यूर व आसपासच्या शाखा-रुग्णालयांत शस्त्रक्रिया केल्या. पोटातील व्रण आणि कर्करोग यांनी पिडलेले लोक दूरदूरच्या गावांहून त्यांच्याकडे येत. सन १९३६ मध्ये त्यांनी आत्मवृत्तपर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचक तो हाती घेत एव्हरेस्टच्या कुतूहलाने, पण त्यात त्यांस नेय्यूरच्या रुग्णांचीही हकीकत वाचावयास मिळे. पर्वताने दिलेली कीर्ती त्यांनी अशा रीतीने दुःखितांच्या उपयोगी लावली.

पुढे सन १९४९ पासून सन १९६१ पर्यंत, डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोर येथे स्थापिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी येथील तरुण डॉक्टरांस शस्त्रक्रिया शिकविली. आपण एकट्याने किती रुग्णांस हात लावणार? म्हणून असे अनेक हात तयार करणे, हीही सेवाच होय. नंतर ते मायदेशी परतले व ता. २३ जानेवारी १९७५ रोजी, आपल्या बालपणीच्या डोंगरांच्या प्रदेशातच, त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, सॉमरव्हेल यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले नाही. तरी त्यांचे आयुष्य विफल झाले असे कोण म्हणेल? तुम्हीही पुढे मित्रांसह डोंगर चढाल, सत्कार्यासाठी वर्गणी जमवाल. ती अवश्य जमवा, आणि पालकांनीही त्यास सढळ हाताने साहाय्य करावे. मात्र ज्यांच्यासाठी ती जमविली, त्यांच्या दाराशी एकदा स्वतः जाऊन या. कदाचित तेथे एखादी लांबच लांब रांग तुमचीच वाट पाहत असेल.