कृत्रिम नेत्रभिंगाचे जनक : सर हॅरल्ड रिडले

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मढच्या कोळीवाड्यातील वृद्धांनाही आज जाड भिंगांचा चष्मा लावावा लागत नाही, याचे श्रेय सर हॅरल्ड रिडले यांना जाते. १९०६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या नेत्रतज्ज्ञांनी, महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत रुतलेले पर्स्पेक्सचे कण डोळा सहन करतो, हे हेरले. त्याच द्रव्याचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णेच्या डोळ्यात बसविले. भिंगाचा नंबर मात्र चुकला. दूरचे अंधूकच राहिले. ज्येष्ठांचा विरोध झाला, तरी ते ढळले नाहीत. आज आधी डोळा मोजून मगच भिंग निवडले जाते. उतारवयात त्यांच्याही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसविण्यात आली. २००१ साली ते निवर्तले.