कबिल्यातील एकटा माणूस : जैद बिन अम्र बिन नुफैल

अज्ञानकाळातील अरबांचा विषय निघाला की मूर्तिपूजा, मद्य आणि कबिल्यांची भांडणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु त्याच मक्केत, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिली वही अवतरण्यापूर्वी, एक वृद्ध गृहस्थ काबागृहाला पाठ टेकून कुरैशांना बजावत असत की, इब्राहीम (अ.) यांच्या धर्मावर आता त्यांच्यापैकी कोणीही उरलेला नाही. हे दृश्य हजरत अस्मा बिन्त अबू बकर (र.) यांनी स्वतः पाहिले होते. ते गृहस्थ म्हणजे बनू अदी घराण्यातील जैद बिन अम्र, हजरत उमर (र.) यांचे चुलतबंधू.

त्यांच्या धाडसाचे मोल कळण्यासाठी कबिला म्हणजे काय, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे. त्या भूमीत राजा नव्हता, न्यायालय नव्हते. माणसाचा जीव सुरक्षित राही तो केवळ त्याच्या खुनाचा सूड घेणारे भाऊबंद मागे असत म्हणून. दैवतेही कबिल्यांचीच होती. ताइफच्या सकीफांची लात, नखल्याची उज्जा, काबागृहातील हुबल. दैवत सोडणे म्हणजे रक्ताच्या नात्यालाच नाकारणे, असे मानले जाई.

जैद यांनी ते सोडले. मूर्तींच्या नावे कापलेल्या जनावराचे मांस ते खात नसत. शेळी-मेंढी अल्लाहने निर्माण केली, तिच्यासाठी पाऊस त्याने पाडला, चारा त्याने उगवला. मग तिच्या गळ्यावर सुरी फिरताना नाव दुसऱ्याचे का, असा त्यांचा सवाल होता. देवणीसारख्या, गाई-बैलांसाठी नावाजलेल्या गावात राहणाऱ्या वाचकाला या सवालाचे वजन वेगळे सांगायला नको.

काही अरब आपल्या नवजात मुलींना जिवंत पुरीत. असा बेत कानी आला की जैद त्या बापाकडे जात आणि मुलीच्या पालनपोषणाचा भार स्वतःवर घेत. मुलगी मोठी झाली की बापाला विचारीत, हवी असेल तर घेऊन जा. नाहीतर तिचा खर्च मीच पुढेही करीन. उपदेश करणारे पुष्कळ असतात. परक्याची लेक वर्षानुवर्षे सांभाळायची तर घरात रोज धान्य लागते!

त्यांचा छळ केला तो परक्यांनी नव्हे. चुलते खत्ताब यांनी त्यांना मक्केबाहेर, हिरा पर्वताच्या बाजूला हाकलले आणि ते शहरात शिरू नयेत म्हणून तरुणांना त्यांच्या मागावर ठेवले. जैद लपूनछपून येत. कळताच पुन्हा हुसकावले जात. रक्षण करणारे भाऊबंदच उलटल्यावर दाद मागायची कोणाकडे?

सत्याच्या शोधात ते शामपर्यंत गेले. तेथील यहुदी व ख्रिस्ती विद्वानांना त्यांनी धर्माविषयी विचारले आणि उत्तरात त्यांना इब्राहीम (अ.) यांच्या निर्भेळ एकेश्वरवादाचाच पत्ता मिळाला. वरका बिन नौफल यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जैद कोणत्याच पंथात गेले नाहीत. मात्र त्यांची एक व्यथा होती. एकाच अल्लाहची उपासना करायची हे ठाऊक होते, कशी करायची हे सांगणारा कोणी नव्हता. ती पद्धत कळली असती तर तशीच उपासना केली असती, असे अल्लाहला विनवून ते आपल्या तळहातावर मस्तक टेकवीत.

इब्ने इसहाक यांच्या वृत्तान्तानुसार शामहून मक्केकडे परतताना लख्म कबिल्याच्या मुलुखात त्यांची हत्या झाली. प्रेषित्वाची घोषणा होण्यास तेव्हा सुमारे ५ वर्षे उरली होती.

त्यांचे पुत्र हजरत सईद (र.) हे पहिल्या मुस्लिमांपैकी आणि जन्नतची शुभवार्ता लाभलेल्या १० सहाबांपैकी एक. सईद यांच्या पत्नी फातिमा (र.) या त्याच खत्ताब यांच्या कन्या. याच दांपत्याच्या घरी कुरआन ऐकून हजरत उमर (र.) यांचे हृदय पालटले. पुढे सईद आणि उमर या दोघांनी प्रेषितांना (स.) विचारले की, जैद यांच्यासाठी क्षमायाचना करता येईल काय. प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि सांगितले की, कयामतच्या दिवशी जैद एकटेच एक संपूर्ण उम्मत म्हणून उठवले जातील.