डाव्या हाताचे लेखन

१८८८ सालच्या मे महिन्यातील ११ तारीख. मुंबईच्या मांडवी भागातील कोळीवाड्याच्या सभागृहात लोकांची दाटी झाली होती. विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या पुढाकाराने तेथे जोतीराव गोविंदराव फुले यांचा सत्कार झाला आणि जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण केली.

जोतीराव पुण्याचे. १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. मुंबईशीही त्यांचा निकटचा संबंध होता. परळ, लालबाग या भागांतील कापडाच्या गिरण्यांत हजारो मजूर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. त्यांना आठवड्याची सुटीही नव्हती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या कामगारांची संघटना उभारली. जोतीराव मुंबईस येत, मजुरांच्या सभांत बोलत आणि त्यांना धीर देत.

सत्कारानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, जोतीरावांवर अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे उजवे अंग लुळे पडले. ज्या हाताने त्यांनी शेतकऱ्यांची दुःखे लिहिली, तो हात आता लेखणी धरीना.

असे का व्हावे? याचे उत्तर हातात नव्हे, मेंदूत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पन्नासावा भाग असते. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा भाग त्याला लागतो. हे रक्त चार रोहिण्या वर नेतात. दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने, तर दोन मानेच्या मणक्यांमधून जातात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एकमेकींना मिळून एक कडे तयार होते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली या कड्याचे सविस्तर वर्णन केले. एखादी रोहिणी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग उपाशी पडतो. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूस चालवितो. म्हणून डाव्या भागाला इजा झाली की उजवे हातपाय निकामी होतात.

मेंदूच्या आत डोकावून पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. गुठळी विरघळविणारे औषधही नव्हते. डॉ. विश्राम रामजी घोले हे जोतीरावांचे मित्र. त्यांनी मनोभावे उपचार केले. सावित्रीबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली. प्रकृतीस थोडा उतार पडला, परंतु उजव्या हातात पूर्वीचे बळ आले नाही.

जोतीरावांच्या मनात एक ग्रंथ लिहावयाचा होता. सर्व माणसे समान आहेत, हे त्यांना त्यात सांगावयाचे होते. उजवा हात चालत नाही, म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हातात लेखणी घेतली. साठी उलटलेला तो वृद्ध पुरुष लहान मुलाप्रमाणे अक्षरे गिरवू लागला. प्रारंभी ओळ वाकडी जाई, हात थके. तरी नेटाने एकेक पान पुरे होत गेले. अशा रीतीने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध झाले.

इकडे मुंबईत लोखंड्यांचा लढा चालूच होता. जून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीरावांनी पुण्यात देह ठेवला. त्यांचा ग्रंथ १८९१ साली छापून निघाला.

आज त्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. परंतु परळलाच १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय उभे आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत मेंदूचे चित्र घेऊन रोहिणी बंद पडली आहे की फुटली आहे, हे ओळखता येते. ती बंद असेल, तर झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णाला गुठळी विरघळविणारे औषध देता येते. म्हणून लक्षणे ओळखणे फार महत्त्वाचे. अचानक तोंड वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे, ही पुढच्या रोहिण्यांतील अडथळ्याची सामान्य खूण होय. एकाएकी भोवळ येणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, तोल जाणे, ही मागच्या रोहिण्यांतील अडथळ्याची असू शकते. घरात किंवा चाळीत कोणास असे झाले, तर घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवावी, रोग्यास काही खाऊपिऊ घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे काम लहान मुलेही करू शकतात.

जोतीरावांच्या वाट्यास असे उपचार आले नाहीत. जे उरले होते, ते घेऊन त्यांनी हाती घेतलेले काम पुरे केले.