मुलांना कोणता सिनेमा दाखवायचा? ख्वाजा अहमद अब्बास यांच्या आयुष्यातून

जून महिना आला की शाळेत दोन गोष्टी ठरलेल्या. एक, नव्या वह्यांचा वास. दुसरी, वर्षभराच्या उपक्रमांची यादी. त्या यादीत गेली काही वर्षं एक ओळ माझ्या नावावर पडते, ती म्हणजे मुलांना चित्रपट दाखवणे. ऐकायला सोपं वाटतं. पण समाजासाठी काहीतरी करणारं मूल घडावं असं वाटत असेल, तर नेमका कोणता चित्रपट निवडायचा, इथं भल्याभल्यांची गाडी अडते. माझी अडली तेव्हा मी ख्वाजा अहमद अब्बास यांच्याकडे वळले. त्यांचा जन्म ७ जून १९१४ चा आणि इंतकाल १ जून १९८७ चा. म्हणजे शाळा उघडायच्या जरा आधी या माणसाची आठवण आपोआप निघते.

आपल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं. पालकांनाही फारसं नाही. अमिताभ बच्चनला पहिला चित्रपट देणारा माणूस, एवढं सांगितलं की माना डोलतात. पण तेवढ्यावर थांबलं तर खरा माणूस हातातून निसटतो.

अब्बास साहेब पानिपतचे. मौलाना अल्ताफ हुसेन हाली हे त्यांचे पणजोबा. हालींनी कौमच्या पडझडीवर लिहिलं, बायकांच्या तालीमबद्दल लिहिलं, आणि तेही अशा काळात की जेव्हा मुलींनी शिकावं हे बोलणंच धाडसाचं होतं. त्यांच्या नावाच्या शाळेत अब्बास शिकले. पुढे अलिगढला गेले, १९३३ मध्ये बी. ए. झाले, १९३५ मध्ये वकिलीची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. विद्यार्थी असतानाच त्यांनी स्वतःचं एक साप्ताहिक काढलं होतं, त्यामुळे हाताला शाई लागलेली होती. ते मुंबईला आले आणि बॉम्बे क्रॉनिकल या वर्तमानपत्रात रुजू झाले. तिथं त्यांचा लास्ट पेज नावाचा स्तंभ सुरू झाला. नंतर तो ब्लिट्झ साप्ताहिकात गेला आणि ते वारले तोवर चालू राहिला. साधारण पन्नास वर्षं दर आठवड्याला! आम्हा शिक्षकांना साप्ताहिक नियोजनाची वही वेळेवर भरणं जमत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

क्रॉनिकलमध्ये ते चित्रपटांची परीक्षणंही लिहीत आणि ती झणझणीत असत. मग नुसती नावं ठेवण्यापेक्षा स्वतःच लिहायला काय हरकत आहे, अशा वळणाने ते पटकथेकडे गेले. १९४१ मध्ये बॉम्बे टॉकीजचा नया संसार त्यांच्या कथेवर निघाला. त्यात पत्रकाराची गोष्ट होती. दहा वर्षांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा तिलाही त्यांनी हेच नाव दिलं.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्याच वर्षी इप्टा ही नाट्यसंस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत अब्बास होते. त्या दुष्काळावर त्यांनी धरती के लाल हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, तो १९४६ मध्ये आला. बलराज साहनी त्यात होते, संगीत पंडित रविशंकर यांचं. आणि आपल्याकडची एक गोष्ट मला फार आवडते. पडद्यावर जे भुकेले शेतकरी दिसतात, त्यांत आपल्या धुळे भागातले किसान सभेचे खरेखुरे शेतकरी होते. बंगालची भूक खानदेशच्या माणसांनी उभी केली.

त्याच वर्षी आणखी एक चित्रपट आला, व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटणीस की अमर कहानी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. वय अवघं बत्तीस. त्यांच्यावर आधी पुस्तक लिहिलं अब्बास यांनी, आणि मग वसंत साठे यांच्यासोबत चित्रपटाची पटकथाही लिहिली. पानिपतच्या मुसलमान लेखकाने सोलापूरच्या ब्राह्मण डॉक्टरची गोष्ट जगाला सांगितली. यावर वेगळं भाषण द्यायची गरज मला कधी पडली नाही. साठे आणि अब्बास ही जोडी पुढे आवारा आणि त्यानंतरही टिकली.

फाळणी झाली तेव्हा अब्बास शिवाजी पार्कला राहत होते. आजूबाजूला बहुतेक हिंदू घरं. सुरक्षित मोहल्ल्यात जा, असं सांगणारे पुष्कळ होते. ते गेले नाहीत. पानिपतची पिढ्यान्‌पिढ्यांची नाती तुटली, बरेच नातेवाईक सरहद्दीपार गेले, हे मात्र इथंच राहिले. त्या आगीवर त्यांनी सरदारजी ही कथा लिहिली. शेजारच्या शीख माणसाची टर उडवणारा निवेदक आणि शेवटी त्याच्यासाठी जीव देणारा तोच शेजारी. लोकांनी सुरुवातीची टर तेवढी वाचली आणि गदारोळ उठला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. अर्धं वाचून भडकायची आपली सवय तेव्हाही होती.

आता मुलांकडे येते. लहान मुलांसाठी सरकारी बालचित्र संस्था १९५५ मध्ये निघाली. त्याच्या एक वर्ष आधीच अब्बास यांनी मुन्ना काढला होता. आईच्या शोधात निघालेलं एक पोर, आणि त्याच्या वाटेवर भेटणारी बरी-वाईट माणसं. पोर कुणाला उपदेश करत नाही, पण त्याच्यामुळे माणसं थोडी थोडी बदलतात. चित्रपटात एकही गाणं नव्हतं. त्या काळात हिंदी चित्रपट गाण्यांशिवाय काढणं म्हणजे मिठाशिवाय बिर्याणी. १९६० मध्ये त्यांनी ईद मुबारक हा छोटा बालपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. १९६४ मध्ये हमारा घर आला. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका बेटावर अडकतात आणि त्यांना एकमेकांच्या आधाराने जगावं लागतं.

त्याआधीच्या वर्षी शहर और सपना आला होता. मुंबईत घर मिळत नाही म्हणून एक तरुण जोडपं रस्त्याकडेच्या मोठ्या सिमेंटच्या पाइपात संसार मांडतं. मोठे नट नव्हते, पैसा नव्हता. तरी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

मुलांनी काय पाहावं, यावरून हा माणूस थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. चार शहर एक कहानी नावाचा त्यांचा माहितीपट जेमतेम सोळा मिनिटांचा. चार महानगरांतली श्रीमंती आणि गरिबी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली होती. त्यात मुंबईतल्या बदनाम वस्तीची काही दृश्यं होती, म्हणून सेन्सॉरने फक्त प्रौढांसाठी असा शिक्का मारला. अब्बास अडून बसले. आपल्या शहरात काय चाललंय हे मुलांनाही कळायला हवं, म्हणून सर्वांसाठीचं प्रमाणपत्र द्या, ही त्यांची मागणी. खटला चालू असताना सरकारने माघार घेतली आणि काटछाट न करता ते प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. त्यांनी मात्र सेन्सॉरशिपच्या मूळ प्रश्नावर लढा पुढे नेला. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने सेन्सॉरशिप घटनेला धरून आहे असा निकाल दिला, पण तिचे निकष स्पष्ट असावेत असंही बजावलं. म्हणजे अब्बास हरले, आणि पूर्ण हरलेही नाहीत.

खरं सांगायचं तर या खटल्यात मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची नाही. सहावीतल्या मुलीला मी तो माहितीपट दाखवणार नाही. नववी-दहावीला दाखवेन, आधी बोलून घेऊन. पण मुलांपासून वाईट लपवलं की ती चांगली होतात, या समजाला त्यांनी दिलेला धक्का मला मान्य आहे. आपल्याकडे काही पालक सिनेमा म्हटलं की नाराज होतात आणि त्याच घरात मुलाच्या हातात रात्री अकरापर्यंत मोबाईल असतो. त्या मोबाईलवर निवड कोण करतं, हा माझा त्यांना सवाल असतो.

१९६९ चा सात हिंदुस्तानी हा माझ्या यादीत सर्वांत वर. वेगवेगळ्या प्रांतांतले सहा जण आणि गोव्याची मारिया, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात तिरंगा फडकवायला निघतात. पुढे गोवा मुक्त होतो, सगळे आपापल्या गावी जातात आणि भाषेच्या, धर्माच्या भांडणांत अडकतात. मग आजारी मारिया त्यांना परत बोलावते. अब्बास साहेबांनी नट निवडतानाच धडा शिकवला होता. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाले, जलाल आगा मराठमोळा सखाराम शिंदे झाला आणि अलाहाबादचा अमिताभ बिहारचा शायर अन्वर अली. मुलगा कवी हरिवंशराय बच्चन यांचा आहे हे कळल्यावर वडिलांची परवानगी आल्याशिवाय त्यांनी त्याला घेतलं नाही. हे मी पोरांना आवर्जून सांगते.

पण एक चूक माझीही. एका वर्षी मी उत्साहाने दो बूंद पानी अख्खा दाखवला. राजस्थानातली पाण्याची तडफड, कालव्यासाठी राबणारी माणसं, विषय लाखमोलाचा. तासाभरात निम्मा वर्ग पेंगत होता. अब्बास यांचे स्वतःचे चित्रपट संथ आहेत, काही ठिकाणी भाषणबाजी आहे, आणि बहुतेक चालले नाहीत. राज कपूरसाठी त्यांनी लिहिलेले आवारा, श्री ४२०, बॉबी तुफान चालले. स्वतःच्या चित्रपटांत ते पैसा घालत राहिले आणि पुन्हा लिहायला बसत राहिले. सत्तरहून जास्त पुस्तकं झाली.

तेव्हापासून मी तुकडे दाखवते. वीस मिनिटं चित्रपट, वीस मिनिटं गप्पा. शहर और सपनामधला पाइपातला संसार दाखवल्यावर सातवीतल्या एका मुलाने सांगितलं की त्याच्या गल्लीच्या टोकाला पुलाखाली एक कुटुंब राहतं आणि त्यांची मुलगी कुठल्याच शाळेत जात नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोन शिक्षक त्या मुलाला घेऊन तिथं गेलो. नाव घालायला आईचा होकार मिळाला, वडिलांचा अजून नाही. या जूनमध्ये पुन्हा जायचं आहे.