वाचा आणि पारखून पाहा : मायकेल फॅरडे



आज आपण घरात विजेचा दिवा लावतो तेव्हा एका लोहाराच्या मुलाचे ऋण आपल्यावर असते. त्याचे नाव मायकेल फॅरडे. त्याने लावलेले शोध शाळेच्या पुस्तकांत आहेतच. परंतु हा मुलगा वाचावयास कसा शिकला आणि वाचलेले पारखावयास कसा शिकला, ही कथा आपल्या मुलाबाळांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे देवभीरू परंतु सदैव आजारी असत. 1801 साली धान्य अतिशय महागले तेव्हा ह्या बालकाच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव येई. लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित, एवढेच काय ते त्याचे शालेय शिक्षण. वयाच्या चौदाव्या वर्षी जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो सात वर्षांच्या उमेदवारीवर पुस्तकबांधणी शिकू लागला.

दिवसा हा मुलगा पुस्तके बांधी आणि काम आटोपले की तीच पुस्तके वाची. त्यांत एका विश्वकोशातील विद्युतविषयक लेख होता. तसेच श्रीमती जेन मार्सेट ह्यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक होते. एक शिक्षिका व तिच्या दोन विद्यार्थिनी ह्यांच्या प्रश्नोत्तरांतून त्यात शास्त्र उलगडत जाते. मायकेलचा स्वभाव मोठा कल्पक होता. अरबी कथांवर आणि विश्वकोशावर आपण सारख्याच सहजतेने विश्वास ठेवला असता, असे त्यांनी पुढे वृद्धपणी कबूल केले. मग त्यांना तारले कशाने? वाचलेली गोष्ट खरी की खोटी, हे करून पाहण्याच्या सवयीने! गाठीच्या चार पैशांतून त्यांनी साहित्य आणले, घर्षणाने वीज उत्पन्न करणारे लहानसे यंत्र बनविले आणि मार्सेटबाईंची विधाने जमेल तशी प्रयोगाने ताडून पाहिली. ती खरी ठरली, तेव्हाच त्यांनी ती आपली मानली. त्या लेखिकेविषयीची कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत बाळगली.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख आपल्या वाचकांस विशेष वाटेल. आयझॅक वॉट्स हे नाव आपणांस गीतकार म्हणून परिचित आहे. मनाची सुधारणा कशी करावी ह्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता. नेमकेपणे निरीक्षण करावे, वाचलेल्याचे टिपण ठेवावे, इतरांशी चर्चा करावी, घाईने मत बनवू नये, अशी शिकवण त्यात आहे. मायकेलने ती अक्षरशः आचरणात आणली. त्यांनी टिपणवही सुरू केली. शास्त्रावरील सायंकाळच्या व्याख्यानांना ते जाऊ लागले, आणि त्यासाठी लागणारा शिलिंग लोहारकाम करणारा थोरला भाऊ देई. 1812 साली सर हंफ्री डेव्ही ह्यांची चार व्याख्याने ऐकून त्यांनी ती सविस्तर उतरविली, स्वहस्ते बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. 1813 च्या मार्चमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. तेथेच 1831 साली त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने विद्युतप्रवाह निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढले.

ह्या दांपत्याला मूलबाळ नव्हते, तरी मुलांवर फॅरडे ह्यांचे अपार प्रेम होते. 1827 ते 1860 ह्या काळात नाताळच्या दिवसांत मुलांसाठी त्यांनी एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. मेणबत्तीवरील त्यांची व्याख्याने 1861 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. साधी मेणबत्ती! वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? ज्योतीतून पाणी कसे निर्माण होते? मुलांच्या डोळ्यांदेखत प्रयोग करून ते एकेका प्रश्नाचा उलगडा करीत.

मोठ्यांनाही ह्या शिकवणीची गरज होती. 1853 साली टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवायचे आणि ते अदृश्य शक्तीने फिरते असे मानायचे, ह्या वेडाने लोकांना झपाटले होते. फॅरडे ह्यांनी उपहास केला नाही. त्यांनी एक साधे उपकरण तयार केले आणि बसणाऱ्यांचे हातच नकळत टेबल ढकलतात हे दाखवून दिले. बसणाऱ्यांची नजर उपकरणाच्या काट्यावर असली की टेबल फिरतच नसे! पुढच्याच वर्षी त्यांनी मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. आपल्याला जे खरे असावेसे वाटते त्याचीच अधिक कसून परीक्षा करावी, हा त्याचा गाभा होता.

वाचकहो, अशा चिकित्सेने श्रद्धा ढळते अशी भीती आपल्यापैकी अनेक आईवडिलांना वाटते, आणि म्हणून मुलाने प्रश्न विचारला की आपण त्याला गप्प बसवितो. फॅरडे ह्यांचे जीवन ह्याला उत्तर आहे. एका लहानशा मंडळीचे ते निष्ठावंत सभासद होते, तिचे वडील म्हणून त्यांनी सेवा केली आणि उपदेशही केला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नम्रपणे नाकारले. सृष्टी ही देवाची कृती आहे, म्हणून तिच्याविषयी खोटे बोलू नये व ऐकीव मानू नये, अशी त्यांची वृत्ती होती. बिरुया येथील लोकांनी पौलाचे वचन उत्सुकतेने ऐकले, तरी ते खरे आहे की नाही ह्याचा शास्त्रात दररोज शोध केला, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली, हे आपण विसरू नये.

25 ऑगस्ट 1867 रोजी फॅरडे प्रभूमध्ये निजले. आपल्या मुलांच्या हाती गोष्टींच्या पुस्तकांबरोबर वनस्पती, तारे, यंत्रे, इतिहास ह्यांविषयीची खरी माहिती देणारी पुस्तकेही द्या. मूल वाचून उठले की त्याला एवढेच विचारा : लेखकाला हे कशावरून कळले, आणि ते आपल्याला पाहता येईल का? मग त्याच्याबरोबर एक मेणबत्ती लावून बसा. सत्याला प्रामाणिक प्रश्नाचे भय नसते. आणि आपला प्रभू तर स्वतःच सत्य आहे.