उद्योगस्वातंत्र्याचा कैवारी : वालचंद हिराचंद

फलटणहून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखीमार्गावर नातेपुते लागले की सोलापूर जिल्हा सुरू झाल्याची खूण पटते. येथून उत्तरेस नीरा नदी आणि तिच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर. या उद्योगनगरीला ज्यांचे नाव मिळाले ते शेठ वालचंद हिराचंद मूळचे याच सोलापूरचे. साखर, जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु 1930 नंतरच्या जागतिक मंदीत, भांडवलशाही मोडीत निघाल्याचा निर्वाळा चोहोकडे दिला जात असताना, व्यक्तीच्या उद्योगस्वातंत्र्याची बाजू ज्यांनी उघडपणे मांडली त्यांतही ते होते, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. त्यांच्या चरित्राचा विचार या दृष्टीने केल्यास स्वातंत्र्याचे बळ कळते, तशीच त्याची मर्यादाही कळते.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा व्यापार आणि पेढी होती. पेढीच्या गादीवर बसून सुखाने आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी रेल्वेतील एक माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. एकाजवळ भांडवल होते, दुसऱ्याजवळ कामाची माहिती. जातीचा वा घराण्याचा संबंध नसलेली ही दोन माणसे केवळ परस्परविश्वासावर एकत्र आली. मुक्त व्यवहाराचा याहून सोपा धडा क्वचितच सापडेल.

पहिले महायुद्ध संपताच ते समुद्राकडे वळले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली होती. लॉर्ड इंचकेप यांच्या वर्चस्वाखालील ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिला बुडविण्याचा प्रयत्न केला. 1923 मध्ये सिंदियाला आपल्या वाढीवर मर्यादा घालणारा करार मुकाट्याने पत्करावा लागला. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणारे साम्राज्य प्रत्यक्षात मक्तेदारीचे रक्षण कसे करते, याचा अनुभव वालचंदांनी घेतला तो असा. बाजारपेठेचे स्वातंत्र्य म्हणजे आधीच आत बसलेल्यांची सोय नव्हे. नव्याने येणाऱ्यालाही दार उघडे असणे, हेच त्याचे खरे लक्षण होय.

1929 साली नरोत्तम मोरारजींचे निधन झाले. सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले, आणि त्याच वर्षी जगावर मंदीची छाया पडली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकरी कर्जात रुतला. अशा काळात धनिक आपला पैसा तिजोरीत ठेवतो. वालचंदांनी मात्र नीरेच्या डाव्या कालव्याच्या टापूत, कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. तेथेच पुढे वालचंदनगर वसले. नाशिक जिल्ह्यात रावळगावचा कारखानाही याच सुमाराचा. मंदीतून बाहेर पडण्याचा मार्ग नव्या धाडसातून जातो, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी स्वतःचे भांडवल घालून सिद्ध केली.

1936 च्या एप्रिलमध्ये लखनौ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून पंडित नेहरूंनी समाजवादाचा निःसंदिग्ध पुरस्कार केला. मे महिन्यात मुंबईच्या एकवीस उद्योगपतींनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढले. स्वाक्षरी करणाऱ्यांत वालचंद होते. नेहरूंच्या विचारांमुळे खाजगी मालमत्ताच नव्हे, तर धर्माचरण आणि जीवितही धोक्यात येईल, असा पत्रकाचा सूर होता. तो सूर भडक होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु आर्थिक सत्ता पूर्णपणे सरकारच्या हाती गेली तर नागरिकाला दाद मागण्यास दुसरी जागा उरत नाही, ही त्यामागची शंका पोकळ नव्हती.

या पत्रकावर सर्वांत मार्मिक टीका केली ती घनश्यामदास बिर्लांनी, आणि ती एका उद्योगपतीने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रातून. मालमत्तेचा बचाव मालमत्तावंतांनीच करणे शोभत नाही. ज्यांनी तिचा त्याग केला आहे त्यांच्या मुखातून तो यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. राजकीय डावपेच म्हणून हा सल्ला शहाणपणाचा होता. तरीही वालचंदांच्या उघडपणाला एक मोल आहे. सत्तेच्या उंबरठ्यावर आलेल्या पक्षाला त्यांनी न पटलेली गोष्ट तोंडावर सांगितली.

पुढील आयुष्यात ती शंका त्यांना निराळ्या रूपात भेटत राहिली. डिसेंबर 1940 मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगलोरला विमान कारखाना काढला. 1942 मध्ये युद्धाच्या निकडीमुळे तो सरकारकडे गेला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तेथे बांधलेल्या ‘जल उषा’ जहाजाचे जलावतरण 14 मार्च 1948 रोजी झाले, ते पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते. ज्यांच्या विचारांविरुद्ध बारा वर्षांपूर्वी स्वाक्षरी केली, त्यांनीच या कर्तृत्वावर मोहोर उठवली. 1952 मध्ये तो कारखानाही प्रामुख्याने सरकारच्या मालकीचा झाला. 8 एप्रिल 1953 रोजी सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

तथापि, या चरित्रातील विसंगती झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. साखर कारखानदारी फोफावली ती 1932 च्या संरक्षक जकातीच्या आश्रयाने. देशातील तीसेक कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली. किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही तर सिंदियाची जुनीच मागणी होती. विषम स्पर्धेत दुबळ्याने संरक्षण मागणे समजण्यासारखे असले, तरी ते मागणाऱ्याने राज्यसंस्थेचा हात सर्वत्र अपायकारकच असतो असे म्हणता येत नाही. दुसरा प्रश्न जमिनीचा. खाजगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या, आणि त्या परत मिळविण्यासाठी खंडकऱ्यांना काही दशके झगडावे लागले. माळशिरस तालुक्याला ही कथा नवी नाही. आधी कारखान्याचा शब्द, मग सरकारचा. मधल्या मध्ये मूळ मालकाचा हक्क लोंबकळत राहिला. मालमत्तेचा हक्क पवित्र मानायचा, तर तो कारखानदाराइतकाच दहा एकरांच्या कुणब्याचाही मानला पाहिजे.

वालचंदांचे मोठेपण या विसंगतींमुळे उणे होत नाही. उलट त्यातून एक कसोटी हाती लागते. प्रत्येक मंदीत सरकारने सारे हाती घ्यावे अशी हाक उठते आणि प्रस्थापित उद्योगपती स्वातंत्र्याच्या नावाने आपल्या सवलती सांभाळू पाहतात. या दोहोंच्या गदारोळात एकच प्रश्न विचारावा : उद्या एखादा कारकून आणि एखादा व्यापाऱ्याचा मुलगा एकत्र येऊन नवा उद्योग करू म्हणाले, तर त्यांची वाट मोकळी राहील काय? ज्या व्यवस्थेत याचे उत्तर होकारार्थी आहे, तिचा कैवार निःसंकोचपणे घेतला पाहिजे. तो कैवार घेणाऱ्याने दुसऱ्याची वाट अडवू नये, एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे.