नाट्यगुरू गोविंद बल्लाळ देवल

पेडणे आणि डिचोली या महालांत देवाचा उत्सव आणि नाटक यांची फारकत कधी झालीच नाही. नव्या काबिजादीतील हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या काबिजादीत देवळांवर जे अरिष्ट कोसळले, त्यातून ते यामुळे बचावले. देवळे राहिली, त्यांपुढील मंडप राहिले, आणि मंडपात रात्र जागविणारा दशावतारही राहिला. दशावताराला संहिता नसते. आख्यान ठरले की संवाद नटाच्या जिभेवर उभे राहतात. पुढे याच मंडपात पुस्तकावरून बसविलेले संगीत नाटक आले आणि आपल्या मनचे बोलण्याची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याने लिहिलेला शब्द आपलासा करून बोलावा लागला. ही विद्या महाराष्ट्राच्या रंगभूमीला ज्यांनी हातास धरून शिकविली, त्यांत गोविंद बल्लाळ देवल यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. नाटककार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्यातला शिक्षक मात्र नाटककाराच्या आड थोडा झाकला गेला आहे.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. याच सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला होता. देवलांचे शिक्षण मात्र बेळगावी झाले. चोर्ला घाटाने गोव्याशी जोडलेल्या या शहरात त्या वेळी अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षकाचे काम करीत होते, आणि नाटकाचा नाद त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. पुढे गुरू-शिष्यांचे जे नाते रंगभूमीवर प्रसिद्धीस आले, त्याचा आरंभ असा शाळेच्या वर्गात झाला. १८७९ साली मॅट्रिक झाल्यावर देवल स्वतःही बेळगावातच शिक्षक झाले. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले, तेव्हा देवल त्यांच्या मंडळीत ओढले गेले. तेथे त्यांनी भूमिका केल्या आणि नाटक बसविण्याच्या कामात अण्णासाहेबांना साहाय्य केले. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. मध्यंतरी देवलांनी पुण्यास शेतकीचे शिक्षणही घेतले. नाटकाच्या बिऱ्हाडाबाहेर स्थिर पोटापाण्याची सोय पाहण्याचा तो प्रयत्न असावा. त्यातून शेतकीचा किती लाभ झाला ते सोडून देऊ, रंगभूमीचा तोटा मात्र झाला नाही. ते पुन्हा नाटकाकडेच वळले.

त्यांनी आयुष्यात सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहांचे मूळ दुसऱ्या कोणाचे आहे, आणि यावरूनच काही टीकाकार त्यांना भाषांतरकाराच्या पंक्तीत बसवून मोकळे होतात. हा न्याय नव्हे. पहिले ‘दुर्गा’ १८८६ चे. ते गॅरिकने साउदर्नच्या नाटकावरून रचलेल्या ‘इझाबेला’वर आधारलेले. त्यानंतर शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ व कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ त्यांनी मराठीत आणले. ‘झुंजारराव’ हा शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’. ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. ‘फाल्गुनराव’ हे मर्फी या आयरिश नाटककाराच्या कृतीवरून, आणि मर्फीने ती उचलली होती मोलिएरच्या ‘स्गानारेल’वरून. पॅरिसमध्ये १६६० साली रंगलेला हा संशयी नवरा लंडनमार्गे पुण्यास पोहोचला आणि तेथे असा रुळला की फाल्गुनरावाला ओळखणाऱ्या हजारो प्रेक्षकांना त्याचे मूळ गाव फ्रान्समध्ये आहे, याचा संशयसुद्धा येत नाही! संस्कृत, इंग्रजी आणि इंग्रजीच्या द्वारे फ्रेंच, अशी तीन वाङ्मयांची अभिजात नाटके एका माणसाने इतक्या आवडीने वाचली आणि मराठी माणसाच्या तोंडी घातली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

‘मृच्छकटिका’चेच उदाहरण घ्यावे. मूळ नाटक दहा अंकांचे. त्यातील चारुदत्तासारखी थोडी पात्रे संस्कृत बोलतात. स्त्रिया, सेवक, जुगारी, चांडाळ हे सारे निरनिराळ्या प्राकृतांत बोलतात. राजाचा मेहुणा शकार तर ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो. अशा नाटकाचे पंडिती मराठीत रूपांतर केले की विद्वान संतुष्ट होतात आणि नट तोंडघशी पडतो. देवलांनी प्रत्येक पात्राला त्याच्या योग्यतेची पण बोलण्यासारखी मराठी दिली. वाक्य लहान ठेवले. पद रचताना शब्द घरातले घेतले. वेश्या असूनही शीलवान असलेली वसंतसेना आणि दरिद्री असूनही उदार असलेला चारुदत्त हे दोघे पुस्तकातून उठून मंडपात आले, ते या बोलीमुळे. शूद्रकाचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याला मातीच्या गाड्याची ती गोष्ट कळली.

नाटक लिहून देवलांचे काम संपत नसे. किंबहुना तेथे ते सुरू होई. आर्योद्धारक, किर्लोस्कर आणि अखेरीस गंधर्व अशा मंडळ्यांत त्यांनी तालमी घेतल्या, आणि नाटकी मंडळी त्यांना देवल मास्तर म्हणूनच ओळखीत. तो काळ असा की गाणारा नट गद्याकडे पाठ फिरवी आणि श्रोतेही पदाची वाट पाहत मधले भाषण सोसून घेत. देवलांना हे मान्य नव्हते. नटाने आधी वाक्याचा अर्थ समजून घ्यावा, ते कोणास उद्देशून आहे हे ध्यानी धरावे, मगच ते उच्चारावे, हा त्यांचा आग्रह होता. पद हे भाषणाचाच पुढचा भाग, गवयाची बैठक नव्हे. आजही आपल्या गावांत हौशी नट पदाला वन्समोअर मिळविण्याच्या नादात चालू प्रसंग विसरतात. त्यांच्या तालीम मास्तरांनी ही शिस्त पुन्हा आठवावी.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले नट पाहिले म्हणजे या शिस्तीचे मोल कळते. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर हे त्यांपैकी एक. भाऊरावांचे १९०१ मध्ये निधन झाले. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्या मंडळीत आले. त्यांना शकुंतलेची भूमिका देवलांनी शिकविली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात अमृत होते. स्त्रीचे चालणे, लाजणे, बोलण्यातला थांबा आणि पदरावरचा हात हे त्याला शिकवावे लागले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हाही तालमीसाठी त्यांना मास्तरच हवे होते. बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आत्मवृत्तात त्यांचे ऋण मानले आहे. मंगेशीचे मास्टर दीनानाथ हेही पुढे किर्लोस्कर मंडळीतच घडले आणि १९१८ साली त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढण्यात पुढाकार घेतला. देवलांनी ज्या घरात शिस्त लावली, त्या घरातून गोमंतकानेही असा वाटा उचलला.

देवलांचे एकच नाटक सर्वस्वी स्वतंत्र आहे, ते म्हणजे ‘शारदा’. किर्लोस्कर मंडळीने ते १८९९ साली इंदुरास रंगभूमीवर आणले. तोवर संगीत नाटक म्हटले की पुराण किंवा राजवाडा ठरलेला. देवलांनी पडदा उघडला तो भिक्षुकाच्या घरावर. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी श्रीमंत म्हाताऱ्या भुजंगनाथास द्यावयास निघतो. भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो. आई तळमळते, पण तिला कोण विचारतो? मुलीच्या मैत्रिणी आपापसांत बोलतात आणि त्या बोलण्यातून एका समाजाची लाज उघडी पडते. लग्न अखेरच्या घटकेस मोडते, शारदा जीव देऊ पाहते, कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिचा हात धरतो. विधी अपुरा राहिला म्हणून ती मोकळी, ही पळवाट शास्त्रातूनच काढली आहे. काहींस हा भित्रेपणा वाटतो. पण जे लोक शास्त्राखेरीज काही ऐकणार नव्हते, त्यांच्यापुढेच हे नाटक व्हावयाचे होते, आणि देवलांना आपला प्रेक्षक पक्का ठाऊक होता.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास सारडा कायदा म्हणतात, तो या शारदेवरून, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. ते नाव कायदा आणणारे हरविलास सारडा यांचे. शिवाय तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. पोर्तुगीज अमलातील गोव्याला तो लागूच नव्हता. या बाजूच्या मुलींना कायद्याच्या आधी नाटकच पावले, असे म्हणण्यास हरकत नाही. घरात वडीलधाऱ्यांपुढे ज्याचा उच्चार करता येत नव्हता, तो विषय देवळाच्या मंडपात त्याच वडीलधाऱ्यांदेखत पदांत गाइला गेला. पेडण्याचे नाव आडनावात वागविणाऱ्या हिराबाई पेडणेकर यांचे ‘संगीत दामिनी’ १९१२ साली ललितकलादर्श मंडळीने केले. स्त्रीने स्वतः नाटक लिहावे इतकी मजल तोवर झाली होती.

शेवटच्या दिवसांत देवल पुन्हा आपल्या जुन्या फाल्गुनरावाकडे वळले. १८९३ चे ते गद्य नाटक गंधर्व मंडळीसाठी पदे घालून त्यांनी नव्याने सिद्ध केले आणि त्याचे नाव ‘संशयकल्लोळ’ ठेवले. १४ जून १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आले. बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती झाले. प्रेक्षागृह हसत होते आणि मास्तर ते पाहावयास नव्हते.